गुरुवारी सगळं हिरवं

"चूक तुमच्याकडची आहे, आणि तुम्ही ती झुलेखाच्या गळ्यात मारताय."

नागसेन हे भिंतीवरच्या पडद्याकडे बघून बोलला. पडद्यावर एक काळा चौकोन होता आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत 'लीडरशिप' एवढंच लिहिलेलं. वरची मंडळी मीटिंगला अशीच येतात. तोंड दाखवत नाहीत, नाव सांगत नाहीत. मघाशी आत कुणीतरी खोकलं होतं, त्यावरून पलीकडे माणूस आहे एवढं कळलं.

टेबलाच्या एका टोकाला रोहिदास सर, या मजल्याचे मॅनेजर. त्यांचा लॅपटॉपवरचा हात उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. दुसऱ्या टोकाला झुलेखा. समोरची पाण्याची बाटली तिनं उघडलीच नव्हती. नागसेन आपल्या बाजूनं बोलतोय हे ऐकून तिनं मान वर केली, पण तिच्या चेहऱ्यावर आभार वगैरे काही नव्हतं. संशय होता. बरोबरच होतं तिचं. नागसेन झुलेखावर जळतो हे या मजल्यावर चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"नागसेन," रोहिदास सर आवाज खाली आणून म्हणाले, "विचारलं तेवढंच सांग ना. गुरुवारी तू लवकर गेला होतास की नाही?"

हा साधा प्रश्न का विचारला, ते कळण्यासाठी आधी नागसेनचं काम सांगावं लागेल. असं काही काम असतं हेच पुष्कळांच्या गावी नाही.

तळवड्याच्या या ऑफिसातून ही माणसं एका कंपनीचं मेनफ्रेम सांभाळतात. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढं जुनं, दणकट कॉम्प्युटरचं यंत्र. ते बंद पडत नाही, म्हणून कुणाला आठवतही नाही. चाकणच्या प्लांटमधून गाड्यांचे सुटे भाग ट्रकमध्ये भरून निघतात, तेव्हा गेटवर जी स्लिप छापली जाते ती हे यंत्र सोडतं. स्लिप नाही तर ट्रक हलत नाही. आता या यंत्राशी कुणी बोलायचं आणि कुणी नाही, याची एक फाइल असते. पॉलिसीची फाइल म्हणतात तिला. सोसायटीच्या वॉचमनकडे यादी असते ना, तशीच. दूधवाल्याला सोडा, पेपरवाल्याला सोडा, आणि अगदी शेवटी, बाकी कुणालाच सोडू नका. वॉचमन वरून वाचत येतो आणि पहिली जी ओळ लागू पडेल तिथं थांबतो. खाली काय लिहिलंय ते तो बघतसुद्धा नाही. म्हणून सगळा खेळ ओळींच्या क्रमाचा. 'कुणालाच सोडू नका' ही ओळ चुकून वर गेली, तर दूधवाला बाहेर आणि घरमालकही बाहेर.

फाइल एकानं लिहायची, दुसऱ्यानं तपासायची, मग यंत्रावर चढवायची. तपासायला प्रोग्रॅम आहे. तो कंस जुळतात का, शब्द ओळखीचे आहेत का ते बघतो आणि ठीक आहे म्हणून सांगतो. क्रमातला गाढवपणा त्याला कळत नाही. त्यासाठी माणूस लागतो. तो माणूस नागसेन.

या मजल्यावर तपासायची एक रीत होती. रोहिदास सर स्वतः चेकर होते तेव्हा त्यांनी ती लावली होती. तपासणाऱ्यानं फाइल मोठ्यानं वाचायची, तीही शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून वर. लिहिणाऱ्यानं शेजारी बसायचं, पडद्याकडे पाठ करून, आणि नुसतं ऐकायचं. "उतारावर पाय घसरतो तसा डोळा घसरतो रे," सर सांगायचे. "चढाला लावला की एकेक पायरी बघत जातो." नवी पोरं हसायची. एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि दुसरा त्याच्या पाठीमागे काहीतरी पुटपुटतोय, मांत्रिकासारखा. पण या रीतीनं धरलेल्या चुका सगळ्यांनी पाहिल्या होत्या, म्हणून रीत टिकली.

झुलेखाला ही रीत नागसेननंच शिकवली. ती काळेवाडीची. वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान, नवरा एहसान तेच दुकान बघतो. ती आली तेव्हा तिला मेनफ्रेमचा काळा पडदा बघून घाम फुटला होता. "दादा, यात माउस कुठंय?" असं तिनं विचारलं होतं. त्या झुलेखाला गेल्या दिवाळीत टीमची लीड केलं. नागसेन तिच्या किती आधीपासून या मजल्यावर होता, पण तो तपासतच राहिला. लिहिणाऱ्याचं नाव होतं. तपासणाऱ्याचं नाव फक्त चूक सुटली तर होतं.

लीडला खिडकीजवळची जागा मिळते आणि एक खुर्ची, डोकं टेकायला उशी असलेली. नागसेनचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात स्टुलावर बसून बेअरिंग मोजायचे. ते म्हणायचे, "साहेबाच्या खुर्चीला पाठ असते, आपल्या स्टुलाला नसते. तू पाठ असलेली घे." नागसेननं पाठ असलेली घेतली. तर झुलेखानं उशी असलेली घेतली.

आणि खुर्चीचं सोडा, तो तिच्या फाइलींवरही जळायचा. तिची फाइल म्हणजे सारवलेलं अंगण. ओळीला ओळ लागलेली, प्रत्येक नियमाच्या वर साध्या भाषेत एक टीप, हा दरवाजा कुणासाठी आणि का. वाचताना नागसेनच्या तोंडाला चव यायची आणि त्याच क्षणी ती कडू व्हायची. मग तो काहीतरी काढायचा.

"काय सापडलं आज, नागसेनदादा?"

"या दोन ओळींमध्ये मोकळी जागा जास्त झालीय."

"मशीनला चालते ती."

"मला चालत नाही."

"बरं बाबा, काढते. तेवढीच तुमच्या मनात जागा होऊ दे."

मजला हसायचा. नागसेनही हसल्यासारखं करायचा. घरी दिघीला पोचला की तोंडून तेच निघायचं. त्याची बायको मिनल भोसरीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, सुई कुठं टोचायची तिला बरोबर माहीत आहे.

"आज काय केलं तिनं?"

"कोणी?"

"कोणी काय कोणी. घरात पाय ठेवल्यापासून झुलेखाचंच चाललंय. शेजारचे म्हणतील लफडं आहे याचं."

"लफडं असतं तर बरं झालं असतं," नागसेन म्हणाला. "एक दिवस संपलं तरी असतं."

मिनलनं त्याच्याकडे बघितलं आणि भाजी ताटात वाढली. "हे मात्र खरं बोललास," ती म्हणाली.

मग बाहेरून तपासणी आली. कंपनीच्या मेनफ्रेमला काही जुने दरवाजे उघडे आहेत, ते बंद करा, असं ऑडिटवाल्यांनी लिहून दिलं. झुलेखानं जुन्या फाइलीला ठिगळ लावलं नाही, अख्खी फाइल नव्यानं लिहिली. सगळा मजला बघायला जमला. नागसेन सगळ्यात शेवटी आला.

बुधवारी वाचन झालं. झुलेखा पडद्याकडे पाठ करून बसली, हात मांडीवर. नागसेननं शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली. शेवटची ओळ तीच, बाकी कुणालाच सोडू नका. मग वर एकेक. गेटचे प्रिंटर. गोदामाचे पडदे. कारखान्याकडून येणारे निरोप. तो हळू वाचत होता. मुद्दाम. सुनेनं निवडलेल्या तांदळात सासू खडा शोधते तसं चाललं होतं त्याचं. एकदा वाचून झालं. झुलेखा उठायला लागली तर म्हणाला, "थांब. परत."

परत वाचलं. ती जेवायला गेली तेव्हा त्यानं डबा न उघडता तिसऱ्यांदा वाचलं. हा नियम त्या नियमाला झाकतो का? नाही. हा दरवाजा दोनदा उघडलाय का? नाही. टिपेत एक म्हटलंय आणि ओळीत दुसरंच आहे का? तेही नाही. मोकळी जागासुद्धा बरोबर होती. बयेनं त्याच्यासाठी तेवढं जपलं होतं.

"काही आहे?" परत आल्यावर तिनं विचारलं.

"नाही."

"मोकळी जागा?"

"नाही म्हटलं ना."

ती मोठ्यानं हसली आणि त्याच्या टेबलावर डब्याच्या झाकणात दोन सामोसे ठेवून गेली. नागसेननं फाइल पास केली. बटण एवढ्या जोरात दाबलं की शेजारच्यानं वळून बघितलं. सामोसे मात्र खाल्ले. चांगले होते, त्याचाही राग आला.

गुरुवारी फाइल चढवायची होती. या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. रविवारी जग झोपलेलं असतं तेव्हा इथं भोंगा वाजतो, आणि गुरुवारी भोसरीचे लेथ गप्प, चाकणचे प्लांट गप्प, मेनफ्रेमचा दरवाजा ठोठावायला कुणी नाही. म्हणून असली कामं गुरुवारी. नागसेनला त्या दिवशी यायची गरज नव्हती. चेकरचं काम बुधवारीच संपलेलं. तरी तो आला.

कशाला आला, तर फाइल पडताना बघायला. डोळ्यांतून काहीतरी निसटलं असेल, चढवताना यंत्र तोंडावर फेकून देईल, पडदा लाल होईल आणि उशीच्या खुर्चीवर बसलेल्या बाईची पडलेली मान आपण मागून बघू. तो तिच्या मागच्याच टेबलावर बसला. सकाळी तिनं फाइल चढवली. यंत्रानं घेतली. पडदा हिरवा.

ती संध्याकाळपर्यंत तिथंच बसून लक्ष ठेवत होती आणि नागसेन तिच्यावर लक्ष ठेवत होता. तिनं टेबलाखाली चपला काढल्या. चहात खारी बुडवली, खारी आत पडली, ती चमच्यानं खाल्ली. मुलीचा, जिकराचा फोन आला तर तिला "फ्रिजमधलं दही संपवू नको, अब्बूंना लागतं" म्हणाली. पडद्यावर एकच फलक होता, यंत्र चालू आहे आणि फाइल बसलेली आहे हे सांगणारा. दुसरं तिनं काही उघडलं नाही. नागसेनला तिच्या हाताची प्रत्येक हालचाल दिसत होती. प्रेम करणारा माणूससुद्धा एवढं बघत नाही.

हिरवं ते हिरवंच राहिलं. संध्याकाळी दोघं एकदम निघाले. ती बस स्टॉपकडे चालत गेली, नागसेन तिच्या शेजारून स्कूटर काढून पुढं गेला. सोडतो म्हणाला नाही.

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुरू झाली आणि फोन वाजला. चाकणच्या गेटवर खंडू नावाचा माणूस असतो, तिथल्याच गावचा, प्लांट आला तेव्हापासून गेटवर बसलेला.

"साहेब, स्लिप येत न्हाई."

"प्रिंटर बघितला का, कागद वगैरे?"

"कागद हाय, शाई हाय, प्रिंटर बी हाय. तुमचं मशीन बोलत न्हाई आमच्यासंगं. रुसलंय का काय? लाइन पार तळेगावच्या चौकापातूर गेलीया. डायवर लोकं मला शिव्या घालत्यात, मी कुनाला घालू?"

"मला घाला."

"घालतो, पर आधी स्लिप सोडा."

नागसेननं फोन ठेवला आणि त्याच्या छातीत काहीतरी उड्या मारायला लागलं. पडली. हिची फाइल पडली. झुलेखा बॅग खांद्यावर तशीच ठेवून यंत्रावरची फाइल उघडत होती आणि तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, उशीवर हात ठेवून. फाइल उघडली. पहिली ओळ, बाकी कुणालाच सोडू नका.

सगळ्यात वर. म्हणजे यंत्र पहिलीच ओळ वाचत होतं आणि सगळ्यांना हाकलत होतं. काल गुरुवार होता म्हणून कुणी आलंच नव्हतं, म्हणून कुणाला हाकललं गेलं नव्हतं, म्हणून सगळं हिरवं.

नागसेनच्या छातीतल्या उड्या थांबल्या. ती ओळ त्यानं बुधवारी सगळ्यात आधी वाचली होती. खालून वाचायला लागल्यावर जी ओळ पहिली येते ती सगळ्यात खाली असते, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

"ही इथं नव्हती," झुलेखा म्हणाली.

"नव्हती," नागसेनच्या तोंडून गेलं.

तिनं बुधवारी पास झालेली फाइल परत चढवली. चाकणला प्रिंटर खडखडायला लागले. खंडूनं फोन करून "सुटलं बघा, पोट साफ झाल्यावानी" एवढं सांगितलं. ट्रक हलले. पण लाइन लागली होती आणि कंपनीला झळ बसली होती, म्हणजे कुणाचं तरी नाव लागणार होतं.

यंत्राची नोंद सांगत होती की गुरुवारी दुपारी इमर्जन्सी आयडी वापरून फाइल बदलली गेली. हा आयडी म्हणजे अडीअडचणीची चावी. ती वरच्या लोकांकडे असते. नोंदीत चावी दिसते, कुणाच्या हातात होती ते दिसत नाही. मागं एकदा प्लांट अडकला होता तेव्हा ती चावी झुलेखालाही दिली होती. बस, तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत मेल आला. लीडनं प्रक्रिया मोडून फाइल बदलली असावी, सोमवारी चौकशी, तोपर्यंत तिनं यंत्राला हात लावू नये. तिचा ऑफिसात शिरायचा पास बंद झाला. जाताना तिनं ड्रॉवरमधला खारीचा पुडा काढून चहावाल्याला दिला.

शनिवारी रोहिदास सरांनी नागसेनला भोसरीत चहाला बोलावलं. ऑफिसात नाही, भोसरीत. टपरीसमोर शेअर रिक्षा भरत होत्या, तिकडे बघत सर बोलत होते.

"तुला काही करायचं नाहीये. सोमवारी विचारतील, गुरुवारी होतास का. तू म्हणायचं, लवकर गेलो. बास."

"मग?"

"मग ती एकटी होती असं होतं."

"सर, फाइल बदलली कुणी?"

"ते तुला कशाला?"

"तपासलेली फाइल माझी होती म्हणून."

सरांनी चहा संपवला, पेला दोन वेळा उगाच फिरवला. "ऑडिटवाल्यांच्या यादीत लिहिलंय, बंदीचा नियम पहिल्या ओळीत दिसला पाहिजे. कुठल्या तरी दुसऱ्या यंत्रावरनं उचललेली यादी. वरून कुणीतरी त्यांना खूश करायला ओळ वर नेली, म्हणाले, बघा झालं. आणि सगळं हिरवं दिसलं. गुरुवारी इथं सुट्टी असते हे वरच्यांच्या शहरात कुणाला माहीत असणार? मी तुला हे बोललेलो नाही."

"खालून वर वाचलं असतं एकदा, तर कळलं असतं," नागसेन म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

सरांनी टपरीवाल्याला पैसे दिले. उठताना त्यांनी नागसेनच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारपासून लीड तूच. दुसरं आहे कोण? आणि तुझ्या मनात काय आहे ते काय मला दिसत नाही का राव? सगळ्यांना दिसतं. म्हणूनच तुझं नाव वर सांगितलं मी. म्हटलं, नागसेन नाही म्हणणार नाही."

नागसेन घरी आला आणि खिडकीत उभा राहिला. समोर लष्कराच्या जागेचं तारेचं कुंपण आणि पलीकडे माळ. मिनलला सगळं सांगितलं. ती लॅबच्या पांढऱ्या कोटाची घडी घालत होती.

"मग घे की खुर्ची," ती म्हणाली. "तुलाच हवी होती ना?"

"हवी आहे."

"मग झालं."

"त्यांनी मला विचारायच्या आधीच ठरवलं, मी हो म्हणेन म्हणून."

"झाकून कधी ठेवलंस तू? रस्त्यावर वाळत घातलेलं दिसतं लोकांना. कुणीतरी उचलणारच की."

मिनलनं कोट कपाटात ठेवला. "पण एक आहे. ती एकटी नव्हती त्या दिवशी. तू होतास, मागून डोळे लावून."

रात्रभर विचार वगैरे केला असं नाही, नागसेन चांगला झोपला. पण रविवारी दाढी करताना त्याला एक गोष्ट कळली आणि ब्लेड गालावरच थांबलं. झुलेखा गेली, खुर्ची त्याला मिळाली, तरी तिची ती फाइल स्वच्छच राहणार होती. तीन वेळा खालून वर वाचून त्याला एक खडा सापडला नव्हता, आणि हे जगात फक्त त्याला माहीत असणार होतं. उशीवर डोकं टेकलं की रोज तेच आठवणार. आणि त्याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. त्याचं जळणं त्याचं स्वतःचं होतं. वर्षानुवर्षं पोसलेलं. झुलेखाशी त्याचं जे होतं ते त्या दोघांचं होतं, मोकळ्या जागेवरून आणि सामोशावरून चाललेलं. त्या आगीवर तिसऱ्याच कुणीतरी, तोंड न दाखवता, आपली पोळी भाजायला तवा आणला होता.

तर सोमवार. काळा चौकोन. आणि रोहिदास सरांचा प्रश्न, गुरुवारी लवकर गेला होतास की नाही.

"नाही," नागसेन म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होतो. तिच्या मागच्या टेबलावर."

"तुझी ड्यूटी नव्हती त्या दिवशी."

"नव्हती. तिची फाइल पडते का ते बघायला आलो होतो."

झुलेखानं डोळे मिटले आणि उघडले.

चौकोनातून आवाज आला. मऊ, रुमालातून गाळल्यासारखा. "नागसेनजी, आपण सहकाऱ्याला सपोर्ट करताय, चांगली गोष्ट आहे. पण इमोशनल होऊ नका."

"सपोर्ट?" नागसेन हसला. "साहेब, की मॅडम, जे काय असाल ते. मी हिच्यावर जळतो. या मजल्यावर कुणालाही विचारा. रोहिदास सरांना विचारा, त्यांनी तर त्याच भरवशावर माझं नाव तुम्हाला दिलं. मी ही फाइल दुष्टपणानं तपासली. तीनदा. एक चूक मिळाली असती तर मी पेढे वाटले असते. मिळाली नाही. आणि गुरुवारी दिवसभर मी हिच्याकडे बघत बसलो होतो. हिनं खारी खाल्ली, मुलीशी बोलली, चपला कुठं काढल्या तेसुद्धा सांगतो. हिनं दुपारी कुठलीही चावी लावली नाही. हिचा मित्र असतो तर माझं ऐकू नका म्हटलं असतं. मी मित्र नाही."

झुलेखा त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात आता थोडंसं काहीतरी निवळलं होतं आणि नागसेनला ते आवडलं नाही. उद्या हिला सगळे धीराची बाई म्हणणार. खुर्ची राहणार, वर सहानुभूतीही मिळणार. आपल्या वाट्याला काय, तर भर मीटिंगमध्ये स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं हे.

"ओके," चौकोन म्हणाला. "नोटेड. आपण हे ऑफलाइन घेऊ. रोहिदास, पुढचा मुद्दा?"

"पुढचा मुद्दा नाही," नागसेन म्हणाला. "हाच मुद्दा आहे. चावी तुमच्याकडे असते."

चौकोनाच्या कोपऱ्यात माइकच्या खुणेवर तिरकी लाल रेघ आली. पलीकडे कुणी काय बोलत असेल ते आता इकडे येणार नव्हतं. रोहिदास सरांनी लॅपटॉप मिटायला हात नेला, मग टेबलावर ठेवला. ते लाकडाकडे बघत होते.

खुर्चीचं चाक कुरकुरलं. झुलेखा वळत होती. सावकाश, पूर्ण, तोंड भिंतीकडे आणि पाठ पडद्याकडे येईपर्यंत. हात मांडीवर ठेवले. वाचनाच्या वेळी बसायची तशीच बसली ती, पुढचा शब्द पाठीमागून ऐकायला.

हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं, असं नागसेनला वाटलं, आणि जुनी कळ बरोबर जुन्या जागी उठली. त्यानंही आपली खुर्ची फिरवली. दोघांच्या पाठी आता काळ्या चौकोनाकडे होत्या. क्षणभरानं तिसऱ्या खुर्चीचं चाक कुरकुरलं. कुणाचं ते बघायला नागसेननं मान वळवली नाही.

"गुरुवारी दुपारी ती ओळ वर कुणी नेली?" तो भिंतीला म्हणाला. "नाव सांगा. आम्ही ऐकतोय."